दुसऱ्या पानावरची चूक

आमच्या वॉर्डात कुठे धूर दिसला की लोक आधी आप्पांना हाक मारत. विझवायला नव्हे, काय जळते आहे ते विचारायला. आप्पा गच्चीवर येत, कपाळावर हात आडवा धरत आणि घटकाभर बघून सांगत, "उसाचं पाचट हाय. खाली वल्लं हाय, पेटवणाऱ्याला घाई झालीय." किंवा, "टायर. कुणीतरी शहाणा शेकत बसलाय." एकदा गल्लीच्या टोकाच्या घरातून धुराची बारीक रेघ निघाली आणि बायका बादल्या घेऊन धावल्या. आप्पा जागचे हलले नाहीत. "भाकर करपलीय," ते म्हणाले. "नवी सून हाय. गप बसा, लाजंल ती." करपलेलीच होती.

आप्पा आमचे शेजारी. दौंडला रेल्वेत होते. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, इंजिने बदलली तसे तेही बदलले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. पण कुणी ओळख करून देताना "हे ड्रायव्हर होते" म्हणाले की ते दुरुस्त करत. "फायरमन. ड्रायव्हर काय, गाडी रुळावरनं खाली उतरू देत न्हाई एवढंच. गाडी वढतो फायरमन."

त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. भट्टीच्या दारासमोर तो हात इतकी वर्षे गेला होता की केसांनी पुन्हा उगवायचा नाद सोडला होता. डावा डोळा नेहमी अर्धा मिटलेला. सदऱ्याच्या खिशात सुती दोऱ्यांचा बोळा, पूर्वी इंजिनावर हात पुसायला मिळायचा तसला. जेवण झाले, पेपर वाचून झाला, कुणाशी भांडण झाले, की ते बोळा काढत आणि बोट अन् बोट पुसत. हात स्वच्छच असायचे.

धुराचे त्यांचे एक शास्त्र होते. काळा धूर म्हणजे कामचुकारपणा. भट्टीत एकदम ढीगभर कोळसा लोटला की तो नीट पेटत नाही, अर्धवट जळतो आणि धुरांड्यातून काळा लोट निघतो. चांगला फायरमन थोडा थोडा टाकतो, सगळीकडे सारखा. "कोळसा फेकायचा न्हाई," ते म्हणत, "पेरायचा." त्यांच्या इंजिनाचा धूर पांढरट, विरळ, नसल्यासारखा असे. घाटात चढावरसुद्धा. हा त्यांच्या आयुष्याचा अभिमान होता. घरातल्या बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर मुठीएवढा दगडी कोळशाचा खडा होता. शेडमधून शेवटचे कोळशाचे इंजिन गेले त्या दिवशी कुणी पितळी पाटी आणली, कुणी शिट्टीची दोरी. आप्पांनी खडा आणला. त्याला कुणी हात लावायचा नाही, अगदी नातवानेही नाही.

न्हावऱ्याला माझ्या चुलत बहिणीचे लग्न होते. आचाऱ्याची भट्टी पेटेना. बाभळीची ओली लाकडे, सगळा मांडव धुराने भरलेला, नवरदेव डोळे पुसतोय आणि पाहुण्यांना वाटतेय की रडतोय. आप्पा आहेराचा टॉवेल खांद्यावर टाकून मांडवामागे गेले. आचाऱ्याला म्हणाले, "सरका मामा, जरा बघतो." त्यांनी सगळी लाकडे बाहेर ओढली, राख खरवडली, मागच्या बाजूला विटेएवढे भोक पाडले आणि बारीक फाटे एकेक करून आत ठेवले. पाच मिनिटांत धूर गेला. आचारी म्हणाला, "आप्पा, तुम्ही कुठल्या हाटेलात हुता?" आप्पा म्हणाले, "हुतो. माझ्या हाटेलाला चाकं हुती." मंगलाष्टके संपेपर्यंत ते भट्टीपाशीच बसले होते. जेवणाच्या पंगतीत वरणाचे कौतुक झाले तेव्हा त्यांनी बोळा काढून हात पुसले.

माझे वडील पत्रके काढत. मी अक्षरे शिकले ती पुस्तकातून नव्हे, पत्रकांच्या गठ्ठ्यांवरून. पाणवठा, गायरान, वसतिगृह, मजुरी: आमच्या घरी प्रश्न पडला की त्याचे पत्रक व्हायचे. त्या पत्रकांचे पहिले वाचक आप्पा. त्यांच्याकडे एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल होती. चूक असेल तिथे लाल, आवडेल तिथे निळी. वडील गेले आणि पत्रके मी लिहू लागले तेव्हा पेन्सिल माझ्याकडे वळली. "हे वाक्य वाचताना दम लागतो," ते म्हणत. "चढावर हाय का गाडी? मधी एखादं स्टेशन घे की." मला ते 'लेखक' म्हणत. "काय लेखक, आज कुणाला झोडपलंय?"

दोन वर्षांपूर्वी मी 'हा उन्हाळा कुणी आणला?' असे चार पानी पत्रक लिहिले. काढणीला आलेला कांदा अवकाळी पावसात सडला होता, आणि त्यानंतरचा उन्हाळा असा होता की रेल्वे कॉलनीतली कुत्रीसुद्धा दुपारी गटारात बसून राहायची. दुसऱ्या पानावर मी लिहिले होते, ही निसर्गाची लहर नाही, ही माणसाची करणी आहे. कोळसा आणि तेल जाळून आपण हवा तापवली आहे.

आप्पांनी पहिले पान निळे केले. दुसऱ्या पानावर सरळ लाल फुली मारली.

"आप्पा, फुली?"

"चूक हाय ते. बहात्तर साली मी सतरा वर्षांचा हुतो. दुष्काळी कामावर खडी फोडायचो. तवा कुठं हुत्या एवढ्या मोटारी? तरी पाऊस आला न्हाई. निसर्गाचं चाक हाय ते, फिरतं."

"एका वर्षाचा दुष्काळ वेगळा आणि वर्षानुवर्षं वाढत जाणारा ताप वेगळा. एखाद्या दिवशी गाडी लेट झाली तर चालतं. पण रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त लेट व्हायला लागली, तर तुम्ही काय म्हणाल?"

उदाहरण त्यांच्या रुळावरचे होते. ते म्हणाले, "आन् कोळशानं हवा तापली म्हंजी कुणी तापवली? मी?"

"तुम्ही नाही. म्हणजे, तुम्ही एकटे नाही."

"ऐक. माझा बाप गावची मेलेली ढोरं वढायचा. फुकट. न्हाई म्हणायची सोय न्हवती. मला रेल्वेत घेतलं तवा पहिल्या दिशी घरी आलो तो हा असा, नखशिखांत काळा. आईनं वळखलंच न्हाई. मग हसली, मग रडली. गावात आमच्या लोकांना मान वर करून चालता येत न्हवतं. इंजिनावर तोंड काळं झालं आन् मान ताठ झाली. शंभर वर्षं साहेबांनी कोळसा जाळला तवा कुणी काय बोललं न्हाई. आमच्या हातात फावडं आलं, आन् आता म्हणता कोळसा वाईट?"

याला माझ्याकडे उत्तर होते. पत्रकांवर वाढलेल्या माणसाकडे उत्तर नेहमी असते. पण आप्पा उठून आत गेले होते.

तरीही पत्रक वाटायला ते माझ्याबरोबर आठवडे बाजारात आले. मी म्हटले, तुम्हाला पटत नाही तर कशाला? ते म्हणाले, "पटलं तेवढंच वाटायचं म्हटलं असतं, तर तुझ्या बापाची निम्मी पत्रकं घरात पडली असती." मात्र प्रत्येकाच्या हातात कागद देताना ते सांगत होते, "दुसऱ्या पानावर चूक हाय, बाकी बराबर." माझा संताप झाला. पण नंतर लक्षात आले की लोक आप्पांचा कागद खिशात न घालता तिथेच उघडत होते. सगळे दुसरे पान शोधत होते.

पुढच्या पावसाळ्याआधी वडगाव रासाईला शाळेच्या ओट्यावर आम्ही सभा ठेवली. विषय तोच. समोर वीस-पंचवीस माणसे, खाली भीमेचे पात्र, आणि पलीकडच्या काठावर कुठे तरी पाचट जळत होते. बिरूमामा म्हणून एक म्हातारे होते, पूर्वी मेंढरे घेऊन फिरायचे, आता शेती करतात. ते म्हणाले, "पाऊस आमच्या आधी कुठं पोचायचा ते आमच्या आज्याला ठावं असायचं. त्या हिशेबानं मेंढरं हाकायची. आता पावसालाच वाट ठावी न्हाई, आम्ही काय हाकणार?" मला वाटले सभा आपल्या बाजूला झुकली.

मग गावातले एक पुढारी उठले. गोड बोलणारे. म्हणाले, ताई शिकलेल्या आहेत, पण शहरातले लोक उगीच शेतकऱ्याला आणि कारखान्याला दोष देतात. हा निसर्ग आहे. दोष कुणाचाच नाही. आणि मग आप्पांकडे हात करून, "आपल्यात रेल्वेचे जुने जाणते बसलेत. त्यांनी आयुष्यभर कोळसा जाळला. त्यांनाच विचारा."

आप्पा उभे राहिले. मला वाटत होते ते बोलायचे टाळतील. पण प्रश्न कोळशाचा होता आणि आप्पा खोटे बोलत नसत. ते म्हणाले, "कोळसा नीट जाळला तर नुकसान न्हाई. नुकसान धुरानं हुतं. माझ्या इंजिनाचा धूर कवा कुणाला दिसला न्हाई."

"बघा," पुढारी म्हणाले. "स्वतः जाळणारा माणूस सांगतोय." लोकांनी माना डोलावल्या.

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवते. मी म्हणाले, "आप्पा, धुराचा प्रश्नच नाही. हवा तापवतो तो वायू डोळ्यांना दिसत नाही. कोळसा जितका चांगला जळतो, तितका तो जास्त निघतो. म्हणजे काळा धूर काढणाऱ्या आळशी फायरमनपेक्षा तुमच्यासारख्या चांगल्या फायरमननेच जास्त हवा तापवली."

लोक हसले. टाळ्याही पडल्या. मी सभा जिंकली होती.

आप्पा खाली बसले. त्यांनी खिशातून बोळा काढला आणि हात पुसू लागले. सभा संपली, चहा आला, लोक पांगले, तरी ते पुसतच होते. दौंडपर्यंत एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. वाटेत एका कारखान्याच्या धुरांड्यातून धूर निघत होता. मी मुद्दाम म्हटले, "कसला आहे हो, आप्पा?" ते खिडकीबाहेर बघत होते, तरी म्हणाले, "मला काय कळतंय."

आठ-दहा दिवस ते आमच्या दारात आले नाहीत. गल्लीत कुणीतरी पाला पेटवला, लोकांनी हाका मारल्या, आप्पा गच्चीवर आले नाहीत. मग एके सकाळी त्यांच्या पत्नी, आक्का, आमच्याकडे आल्या. "तू काय बोललीस गं त्यांना?" त्या म्हणाल्या. "घरात गॅस हाय, आन् हा माणूस परसात चूल मांडून बसलाय. सयपाक न्हाई काय न्हाई. नुसतं बघत बसतो. काल शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांकडं गेला हुता. आज माझी लोणच्याची बरणी घेतली. मला तर भ्या वाटतंय."

मी परसात गेले. आप्पा उकिडवे बसले होते. समोर तीन विटांची चूल, शेजारी काचेची रिकामी बरणी, आणि तंबाखूच्या चुन्याची डबी. एका तांब्यात त्यांनी चुना कालवून ठेवला होता. तळाशी गाळ बसला होता आणि वरचे पाणी स्वच्छ दिसत होते.

"बस," ते म्हणाले. जणू मी रोज येत होते.

चुलीत निखारा होता. लालभडक, एकसारखा, वर काडीएवढाही धूर नाही. तेवढा सुंदर निखारा मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी तो चिमट्याने तारेच्या पळीत घेतला, बरणीत सोडला आणि वर झाकण धरले. थोड्या वेळाने निखारा मंद झाला. त्यांनी तो काढला, पटकन तांब्यातले स्वच्छ पाणी बरणीत ओतले, झाकण लावले आणि बरणी हलवली. पाणी दुधासारखे पांढरे झाले.

"मास्तरांनी सांगितलं, चुन्याची निवळी. तुझा तो न दिसणारा वायू मिसळला की पांढरी हुती," आप्पा म्हणाले. "नुसत्या हवेनं हुत न्हाई, सकाळपासनं करून बघितलं. धूर न्हाई, वास न्हाई, डोळ्याला काय न्हाई. तरी पाणी पांढरं." त्यांनी बरणी उजेडात धरली. "हे हुतं तर माझ्या धुरांड्यातनं निघत. सगळी वर्षं. आन् मी वर बघून म्हणायचो, काय न्हाई."

तेवढ्यात माझे लक्ष विटेशेजारी गेले. तिथे दगडी कोळशाचे तुकडे होते, ताजे फोडलेले, कडा चमकत होत्या. फळीवरचा खडा.

"आप्पा, तो फोडला?"

"मग काय बाभळीवर बघू? जाळला ते हे. बघायचं तर ह्याच्यावरच बघाय पायजे."

त्यांनी बरणी खाली ठेवली. "तुझं खरं हाय. दिसत न्हाई पण हाय. पण लेखक, तू बी एक चुकलीस."

"काय?"

"चांगला जाळला म्हंजी जास्त, असं म्हणालीस तू. काळा धूर म्हंजी काय? न जळता गेलेला कोळसा. तो वाया गेला की वाफ उतरती, मग परत फावडं, परत फावडं. त्याच गाडीला आळशी माणसाला जास्त कोळसा लागतो. मनमाडहून परत यायचो तवा माझ्या टेंडरात, इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, कोळसा उरायचा. दुसऱ्यांचा खडखडाट. कमी जाळला तर जास्त कसा निघंल? मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, तुमचं बराबर."

त्यांचे बरोबर होते. मी सभेत टाळ्या घेतल्या त्या अर्धवट माहितीवर, आणि ज्या माणसाने एक एक फावडे वाचवले होते त्याला सर्वांसमोर सगळ्यांत मोठा दोषी ठरवले होते. मी म्हटले, "चुकले मी, आप्पा."

"मला काय सांगतीस? वडगावच्या लोकांनी ऐकलंय. छाप."

मी छापायला घेतले. जुन्या पत्रकाचे दुसरे पान पुन्हा लिहिले. माणसाची करणी म्हणजे कुठल्या माणसाची, ते लिहिले: ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जाळले आणि नफा घेतला ते कोण, आणि ज्यांच्या हातात फक्त फावडे होते ते कोण. बरणीतले पाणी लिहिले. वडगाव रासाईच्या सभेत मी जे बोलले ते चूक होते, असे लिहिले आणि का चूक होते तेही लिहिले. शेवटी एक ओळ टाकली: आमच्या आप्पांचा यात काहीही दोष नाही.

आप्पांनी ते पान जवळजवळ सगळे निळे केले. शेवटच्या ओळीवर आले आणि पेन्सिल फिरवली. लाल.

"हे काढ."

"का? खरं आहे ते."

"दोष कुणाचाच न्हाई, असं त्या पुढाऱ्यानं बी म्हटलं हुतं. तवा तुला राग आला. आता तूच लिहितीस?"

"तुमची गोष्ट वेगळी आहे."

"परत्येकाला आपल्या माणसाची गोष्ट वेगळीच वाटती. मी जाळलाय. वाटा हाय माझा. बारका हाय, पण हाय. न्हाई म्हणू नको. त्या कोळशानं पोरं शिकली माझी. ते घ्यायचं आन् हे न्हाई म्हणायचं?" त्यांनी हात पुसले. "काढ ती वळ."

मी होकारार्थी मान हलवली. छापखान्यात गेले तेव्हा ती ओळ खोडायला पेन हातात घेतले होते. ते म्हणत होते ते तत्त्वाला धरून होते, मी स्वतः दुसऱ्या कुणाला हेच सुनावले असते. पण एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणारा त्यांचा चेहरा मला आठवला. ओळ तशीच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी लाल खुणेखालचा मजकूर छापला.

गठ्ठा त्यांच्या घरी टाकून मी पळाले. त्या ओळीबद्दल आप्पा मला कधीच काही बोलले नाहीत. त्या हिवाळ्यात ते गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. पण मला आठवण काढायची झाली की मी त्यांना घरात किंवा परसात बघत नाही. स्टेशनवर बघते.

पत्रक छापल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी पुण्याला जायला सकाळच्या डेमू लोकलमध्ये बसले होते. समोरच्या फलाटावर आप्पा होते. एका हातात पत्रकांचा गठ्ठा, दुसऱ्या हाताने एकेक वाटणे चाललेले. नुकतीच एक मालगाडी येऊन थांबली होती आणि इंजिनातून तरणा ड्रायव्हर खाली उतरला होता. आप्पांनी त्याच्या हातात कागद दिला. मग सवयीने मान वर करून इंजिनाच्या टपाकडे पाहिले. तिथे विजेची तार होती आणि मोकळे आभाळ. ते जरा जास्तच वेळ वर बघत राहिले. आता त्यांना मोकळ्या आभाळाचा भरवसा वाटत नसावा.

आमची गाडी हलली. ड्रायव्हर कागद घडी करून खिशात घालत होता. आप्पांनी त्याचा हात धरला, कागद पुन्हा उघडायला लावला, आणि एका ओळीवर बोट ठेवले. गाडीने वेग घेतला नव्हता, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आले.

"दुसऱ्या पानावर चूक हाय," आप्पा त्याला सांगत होते. "शेवटची वळ. बाकी बराबर."